व्रतमुक्तीनंतरचे पहिले वर्ष: मठ सोडणाऱ्या धर्मभगिनींसाठी मार्गदर्शन

मठ सोडण्याचा विचार एखाद्या धर्मभगिनीच्या मनात पहिल्यांदा येतो, तेव्हा तो तिला बहुधा पापासारखा वाटतो आणि ती तो कोणाजवळही बोलत नाही. मी एकोणीस वर्षे व्रतस्थ होते आणि त्यांतली शेवटची तीन वर्षे हा विचार एकटीने मनात बाळगून होते. अर्ज कोणाकडे करायचा, तोवर राहायचे कुठे, हातात पैसा नसताना सुरुवात कशी करायची, आणि ज्या आज्ञापालनावर सारे आयुष्य उभे केले त्याविषयीच शंका घेतली तर देवाशी असलेले नाते तुटते का, या प्रश्नांची उत्तरे मला तुकड्यातुकड्यांनी आणि फार उशिरा मिळाली. ती एकत्र मांडण्याचा हा प्रयत्न आहे. ज्या शेवटी मठातच राहायचे ठरवतील त्यांनाही यातला पहिला भाग उपयोगी पडेल, असे मला वाटते.

प्रश्न नेमका कशाचा आहे, हे आधी ओळखा

"आता यापुढे आज्ञा पाळवत नाही" असे मनात येते, तेव्हा त्यामागे तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. एखाद्या सुपीरियरच्या, म्हणजे मठप्रमुखाच्या, वागण्याचा जाच असू शकतो; आपले आयुष्य दुसऱ्याच्या शब्दावर चालावे ही कल्पनाच पटेनाशी झालेली असू शकते; किंवा व्रतस्थ जीवन आता आपले उरलेले नाही, हे आतून कळून चुकलेले असू शकते. पहिल्या दुखण्यावर बदली किंवा प्रोव्हिन्शियलशी (प्रांतातल्या मठांच्या प्रमुखाशी) मोकळे बोलणे हा उपाय असतो, दुसऱ्यासाठी आज्ञापालनाचा खरा अर्थ समजून घ्यावा लागतो, आणि मठ सोडण्याचा मार्ग मुख्यतः तिसऱ्यासाठी आहे. हे तिन्ही एकमेकांत इतके मिसळलेले असतात की नुसत्या विचाराने ते वेगळे होत नाहीत. त्यासाठी एक वही ठेवा आणि तीन-चार महिने तीत फक्त तीन गोष्टी लिहा: आज काय सांगितले गेले, ते ऐकताना काय वाटले, आणि मी काय केले.

माझ्या वहीतली एक नोंद सांगते. एका संध्याकाळी बदलीचे पत्र आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचे होते. मी ट्रंक भरत असताना शाळेतली एक मुलगी दारात येऊन उभी राहिली आणि तिने विचारले, "सिस्टर, तुम्हाला जायचंय का?" मला उत्तर देता आले नाही. खरे उत्तर लपवायचे होते म्हणून नव्हे; मला जायचे आहे की नाही, हे मलाच ठाऊक नव्हते. पुढे कितीतरी पानांवर मला हेच दिसत गेले. आज्ञा कठीण होत्या हे माझे दुखणे नव्हतेच. स्वतःला काही विचारण्याची सवयच माझ्यातून निघून गेली होती.

लोयोलाचे संत इग्नाशियस यांनी आध्यात्मिक साधनेत एक नियम घालून दिला आहे, की मन खिन्न आणि कोरडे पडलेले असताना पूर्वी केलेला निश्चय बदलू नये. थकवा, आजारपण किंवा आई-वडिलांचा मृत्यू यांच्या सावलीत घेतलेला निर्णय टिकत नाही, हे मी इतरांच्या बाबतीतही पाहिले आहे. मात्र शारीरिक, लैंगिक किंवा मानसिक छळ होत असेल तर हा नियम लावू नका. तेथे आधी सुरक्षित जागी जायचे, मग कागदपत्रांचे पाहायचे. २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी काढलेल्या आणि २०२३ मध्ये कायम केलेल्या नियमांनुसार लैंगिक अत्याचाराची तक्रार स्वीकारण्याची व्यवस्था प्रत्येक धर्मप्रांतात असणे बंधनकारक आहे, आणि देशाच्या कायद्यानुसार पोलिसांकडे जाण्याचा तुमचा हक्क कोणत्याही व्रताने संपत नाही.

आज्ञापालनाची हद्द

लॅटिन भाषेतला आज्ञापालनाचा शब्द "ऐकणे" या धातूपासून आला आहे, आणि सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी लिहिलेल्या नियमावलीचा पहिला शब्दच "ऐक" असा आहे. त्याच नियमावलीच्या तिसऱ्या प्रकरणात मठाधिपतीला सांगितले आहे, की महत्त्वाच्या कामी सर्वांना बोलावून सल्ला घ्यावा, कारण जे उत्तम ते देव पुष्कळदा धाकट्यालाच सुचवतो. अडुसष्टाव्या प्रकरणात अशक्य वाटणारी आज्ञा मिळालेल्या व्रतस्थाने आपली अडचण योग्य वेळी, शांतपणे आणि उद्धटपणा न करता वरिष्ठांपुढे मांडावी, असे म्हटले आहे. शेवटचा शब्द वरिष्ठांचाच असला तरी अडचण बोलून दाखवणे हा बंडखोरपणा मानलेला नाही. नोव्हिशिएटमध्ये, म्हणजे व्रतांपूर्वीच्या प्रशिक्षणाच्या काळात, आम्हाला पाचव्या प्रकरणातले तत्काळ आज्ञापालन शिकवले गेले. तिसरे आणि अडुसष्टावे प्रकरण मी मठ सोडल्यानंतर वाचले.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी, कनिष्ठाने वरिष्ठाची आज्ञा सर्वच बाबतींत पाळली पाहिजे का, हा प्रश्न सरळ विचारला आणि त्याचे उत्तर नाही असे दिले. व्रतस्थाने स्वीकारलेले आज्ञापालन हे त्याच्या नियमबद्ध जीवनापुरते असते आणि बेकायदा गोष्टीतही मान तुकवणे हा अविवेक आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. आजचा कॅनन कायदा, म्हणजे कॅथोलिक चर्चचा कायदा (त्याच्या प्रत्येक कलमालाही कॅनन म्हणतात), १९८३ पासून लागू आहे आणि त्याचाही रोख असाच आहे. कॅनन ६०१ नुसार सुपीरियर देवाच्या जागी असतात, पण संस्थेच्या घटनेला (तिच्या लिखित नियमांना) धरून आज्ञा देतात तेव्हा. कॅनन ६१८ त्यांना सेवाभावाने अधिकार चालवायला आणि सभासदांचे म्हणणे आपणहून ऐकायला सांगतो. कॅनन ६३० तर असे सांगतो, की सभासदाने आपल्या सदसद्विवेकातील गोष्टी सुपीरियरपुढे उघड कराव्यात म्हणून तिला कोणत्याही प्रकारे भरीस पाडायला सुपीरियरला मनाई आहे. हे एक वाक्य मला ठाऊक असते, तर कित्येक संध्याकाळी सुपीरियरच्या टेबलासमोर मी तासन्‌तास बसले नसते.

म्हणून अर्जाचा विचार करण्यापूर्वी आपल्या संस्थेची घटना पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचा. "ही देवाची इच्छा आहे" असे सांगून जे घडवले गेले त्यातले घटनेत किती आहे आणि रूढीने आलेले किती, हे वेगळे काढा. काहीजणींना एवढ्यावरच श्वास मोकळा होतो आणि त्या समाधानाने मठात राहतात.

या वाचनाच्या काळात संस्थेबाहेरचा एखादा आध्यात्मिक मार्गदर्शक आणि झोप किंवा भूक बिघडली असल्यास डॉक्टर किंवा समुपदेशक, अशा दोघांशी तरी बोला. मठातल्या मैत्रिणीला मात्र या गोष्टीचे ओझे देऊ नका. पुढे चौकशी झाली की ती पेचात सापडते.

तुम्ही कोणत्या टप्प्यावर आहात, त्यावर वाट ठरते

नोव्हिस असाल तर तुम्ही कोणत्याही दिवशी जाऊ शकता. व्रते घेतलेली नसल्याने परवानगीचा प्रश्न येत नाही. तात्पुरती व्रते घेतली असतील तर त्यांची मुदत संपताच नूतनीकरण न करता तुम्ही मोकळ्या होता, आणि मला विचाराल तर ज्यांना शक्य आहे त्यांनी ही मुदत संपण्याची वाट पाहावी. मुदतीच्या मध्येच निघायचे असेल तर गंभीर कारण द्यावे लागते आणि सुपीरियर जनरल, म्हणजे संपूर्ण संस्थेच्या प्रमुख, आपल्या सल्लागार मंडळाच्या संमतीने व्रतमुक्तीचा आदेश देतात. या आदेशाला इंडल्ट म्हणतात. संस्था धर्मप्रांतीय (बिशपांच्या अधिकाराखालची) असेल तर त्यावर तुमच्या मठाच्या धर्मप्रांतातील बिशपांची मान्यताही लागते.

अखेरची व्रते घेतलेल्यांची वाट लांबची आहे आणि तिच्यात मधले थांबेही आहेत. कॅनन ६६५ नुसार प्रोव्हिन्शियल योग्य कारणासाठी, मंडळाच्या संमतीने, एरवी एका वर्षापर्यंत मठाबाहेर राहण्याची परवानगी देऊ शकतात. आईवडिलांची शुश्रूषा किंवा स्वतःची प्रकृती ही कारणे सहसा पुढे केली जातात, पण मन स्थिर करण्यासाठी वेळ हवा आहे, असे प्रामाणिकपणे सांगण्यातही गैर काही नाही. दुसरा थांबा कॅनन ६८६ मधला आहे. त्याला एक्सक्लॉस्ट्रेशन म्हणतात आणि गंभीर कारणासाठी सुपीरियर जनरल तो पाच वर्षांपर्यंत देऊ शकतात. या काळात तुम्ही संस्थेच्याच असता, वरिष्ठांची जबाबदारी आणि अधिकार दोन्ही कायम असतात, पण नव्या परिस्थितीशी न जुळणारी बंधने सुटतात. मत देण्याचा आणि पदावर निवडून येण्याचा हक्क मात्र राहत नाही. बंदिस्त मठातील धर्मभगिनींसाठीचे नियम वेगळे आहेत, ते स्वतंत्रपणे विचारून घ्यावेत.

कायमचे जायचे ठरले की कॅनन ६९१ नुसार अर्ज सुपीरियर जनरलच्या नावे करायचा. त्या आपले आणि मंडळाचे मत जोडून तो पुढे पाठवतात: संस्था पोपमान्य असेल तर रोमला, धर्मप्रांतीय असेल तर बिशपांकडे. अर्ज स्वतः लिहा, दोन पानांपेक्षा मोठा करू नका, कोणावर दोषारोप करण्यापेक्षा स्वतःविषयी जे खरे आहे ते मांडा, आणि त्यावर तारीख घालून एक प्रत जवळ ठेवा. एखादीने दुसऱ्याने लिहून दिलेल्या मजकुराखाली सही केली की पुढे तिला ते शब्द आपले वाटत नाहीत, आणि आज्ञापालनाच्या आयुष्याचा शेवटही आज्ञेनेच झाला, असे मनात राहून जाते. आदेश आल्यावर तो तुम्हाला कळवला जातो. त्या क्षणी तो नाकारण्याचा हक्क तुम्हाला असतो. नाकारला नाही तर व्रते आणि त्यांपासून निर्माण झालेली सर्व बंधने तेथेच संपतात. या आदेशाची प्रत मागून घ्या, ती आयुष्यभर लागते.

दोन चुका टाळाव्यात. परवानगीशिवाय निघून जाऊ नका, कारण २०१९ च्या दुरुस्तीनंतर सलग १२ महिने परवानगीशिवाय मठाबाहेर राहिलेली सभासद कायद्याने आपोआप संस्थेतून बडतर्फ होते. आणि इंडल्ट हातात येण्यापूर्वी लग्न करू नका. अखेरच्या व्रतांच्या बंधनात असताना केलेला विवाह चर्चच्या दृष्टीने वैध ठरत नाही, आणि नागरी पद्धतीने केला तरी त्यातून बडतर्फी ओढवते. संस्थेनेच तुम्हाला काढून टाकले असेल, तर आदेशाविरुद्ध दाद मागण्याची मुदत २०२३ पासून १० ऐवजी ३० दिवसांची झाली आहे.

पैसा आणि कागदपत्रे

हा भाग बोलताना मला आजही संकोच वाटतो, कारण पैशाविषयी विचारणे म्हणजे व्रताला कमीपणा आणणे असे मनावर कोरलेले असते. तरीही विचारलेच पाहिजे. कॅनन ६६८ नुसार व्रतस्थ व्यक्ती जे काही कमावते ते संस्थेचे असते, त्यात निवृत्तिवेतनही साधारणपणे येते. कॅनन ७०२ सांगतो, की बाहेर पडणारी सभासद केलेल्या कामाबद्दल संस्थेकडे हक्क म्हणून काहीही मागू शकत नाही. पण त्याच कॅननचा दुसरा भाग असे सांगतो, की संस्थेने तिच्याशी न्यायबुद्धीने आणि शुभवर्तमानाला शोभेल अशा प्रेमाने वागले पाहिजे. बहुतेक वेळा पहिलाच भाग ऐकवला जातो, दुसरा वाचून दाखवण्याचे काम तुम्हालाच करावे लागते. राहण्याची सोय, काही महिन्यांचा खर्च, औषधोपचार, एखादे प्रशिक्षण, यांतले नेमके काय हवे ते लेखी मागा आणि मिळेल त्याचीही लेखी पोच द्या. रिकाम्या हातांनी बाहेर पडलेल्या धर्मभगिनींची अवस्था इतकी बिकट झाली होती, की पोप फ्रान्सिस यांनी अशा स्त्रियांसाठी रोममध्ये एक घर सुरू केले. २०२० साली व्हॅटिकनच्या एका कार्डिनलनीच हे जाहीरपणे सांगितले.

पहिल्या व्रतांपूर्वी तुम्ही आपल्या मालमत्तेचा कारभार दुसऱ्याकडे सोपवला असेल आणि अखेरच्या व्रतांपूर्वी मृत्युपत्र केले असेल. बऱ्याच संस्थांमध्ये मालकी मात्र सोडलेली नसते, फक्त कारभार सोडलेला असतो. तेव्हा त्या वेळी कशावर सही केली होती ते कागद काढून एखाद्या वकिलाला दाखवा आणि मृत्युपत्र नव्याने करा. ओळखपत्रे, पदव्या आणि गुणपत्रिका, नोकरीचे अनुभवपत्र, वैद्यकीय नोंदी, हे सारे मठ सोडण्याआधीच गोळा करावे. व्रतस्थ नाव आणि जन्मनाव वेगळे असेल तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचा दाखला घ्या; तो नसला की प्रत्येक ठिकाणी अडते. स्वतःच्या नावाचे बँक खाते पहिल्याच आठवड्यात उघडा.

पहिले काही महिने

बाहेर आल्यावर सर्वांत अवघड काय वाटते, असे मला विचारतात तेव्हा लोकांची अपेक्षा असते की मी कपड्यांविषयी किंवा मोबाईलविषयी बोलेन. ते तर पंधरा दिवसांत जमते. मला अवघड गेला तो पहिल्या रात्रीचा दिवा. भाड्याच्या खोलीत मी एकटी होते, जपमाळ म्हणून झाली होती, झोप आली होती, आणि बटणाकडे हात नेण्याआधी मी दाराकडे पाहिले. कोणीतरी येऊन "आता मालवा" असे सांगेल म्हणून मी थांबले होते. किती वेळ थांबले ते आठवत नाही; दिवा तसाच ठेवून झोपले एवढे आठवते.

आज्ञापालनाचे व्रत कागदावर एका क्षणात सुटते, पण ते शरीरात राहते. घंटा नसताना पाच वाजता जाग येते, वयाने मोठे कोणी खोलीत आले की आपण उभ्या राहतो, पाणी प्यायला जातानाही कोणाला तरी सांगावेसे वाटते. याची लाज वाटून घेऊ नका आणि घाईने सारे मोडायलाही जाऊ नका. मला उपयोगी पडली ती अगदी साधी गोष्ट: रोज तीन लहान निवडी स्वतःहून करायच्या आणि रात्री त्या वहीत लिहायच्या. कोणत्या रस्त्याने गेले, काय वाचले, कोणाला भेटायला नाही म्हटले. सुरुवातीला वाटेल की यात लिहिण्यासारखे काय आहे. पण दोन महिन्यांनी त्या पानांमध्ये तुमच्या आवडीनिवडी दिसू लागतात आणि मोठ्या निर्णयांना तोच आधार होतो. तोवर मोठे निर्णय, म्हणजे लग्न, दूरच्या ठिकाणी स्थलांतर, सगळी शिल्लक एकाच ठिकाणी गुंतवणे, शक्यतो पुढे ढकला.

एक धोका वेगळा नमूद करते. आज्ञा ऐकण्याची सवय रिकामी जागा शोधत असते, आणि सुपीरियरची खुर्ची मोकळी झाली की तेथे भाऊ, वरिष्ठ अधिकारी, एखादा प्रेमळ बोलणारा पुरुष किंवा नवा प्रार्थनागट येऊन बसतो. कोणीही काहीही मागितले की लगेच होकार द्यायचा नाही, "उद्या सांगते" एवढेच म्हणायचे, असा नियम मी स्वतःला घालून घेतला. सुरुवातीला हे दोन शब्द उच्चारताना माझा आवाज कापत असे.

काम शोधताना मठातली वर्षे लपवू नका, आणि ती "सेवा" या एका शब्दात गुंडाळूही नका. वसतिगृह सांभाळले असेल तर किती मुलींचे, हिशेब पाहिले असतील तर कोणत्या प्रकारचे, रुग्णालयात कोणत्या विभागात किती वर्षे, हे इतरांसारखेच स्पष्ट लिहा. मुलाखतीत "का सोडले?" असे विचारले जाईलच, "त्या जीवनाचा माझा काळ पूर्ण झाला आणि मी रीतसर परवानगीने बाहेर आले" एवढे उत्तर पुरते. याहून अधिक सांगणे तुमच्यावर बंधनकारक नाही.

माणसे आणि प्रार्थना

घरच्यांना हा निर्णय कळवणे हे काहीजणींना व्रतमुक्तीच्या अर्जाहूनही जड जाते, कारण मुलगी मठात जाणे हा अनेक कुटुंबांचा मान असतो आणि तिचे परतणे त्यांना अपमानासारखे वाटते. त्यांना वेळ द्या, पण स्वतःची बाजू पुनःपुन्हा मांडत बसू नका. ज्यांच्याबरोबर वीस वर्षे एका टेबलावर जेवलात त्या धर्मभगिनी कदाचित पत्राला उत्तर देणार नाहीत. त्यामागे राग असेलच असे नाही. पुष्कळदा त्यांना काय बोलावे ते कळत नाही किंवा तशी मोकळीक नसते. नाताळला एक छोटे पत्र पाठवत राहा. मला पहिले उत्तर चौथ्या वर्षी आले.

व्रतमुक्त झालेली स्त्री चर्चमध्ये कोणत्याही कमी दर्जाची होत नाही. मिस्सा, पापनिवेदन, कम्युनियन, विवाह, सारे संस्कार तिला इतर श्रद्धावंतांप्रमाणेच खुले असतात. तरीही काही महिने प्रार्थना अजिबात होत नाही असा अनुभव पुष्कळजणींना येतो, कारण आजवरची प्रार्थना घंटेला बांधलेली होती. मी त्या काळात रोजची सगळी प्रार्थनापुस्तके बाजूला ठेवली आणि दिवसातून एकदा, मला वाटेल त्या वेळी, दहा मिनिटे नुसती शांत बसू लागले. कधी काही घडले नाही, कधी रडू आले. पहाटेची स्तोत्रे माझ्याकडे परत आली तेव्हा मीच त्यांना बोलावले होते. काहीजणींची श्रद्धा मात्र परत येत नाही, आणि अशा मैत्रिणींशी मी वाद घालत नाही.

परत जावेसे वाटले तर

पहिल्या वर्षात, विशेषतः सणाच्या आसपास किंवा आजारपणात, मठाची आठवण अनावर होते. तेव्हा दार कायमचे बंद झाले असे समजून घाबरू नका. कॅनन ६९० नुसार रीतसर बाहेर पडलेल्या सभासदाला सुपीरियर जनरल मंडळाच्या संमतीने, नोव्हिशिएट पुन्हा न करवता, परत घेऊ शकतात. तात्पुरत्या व्रतांपूर्वी किती काळ परीक्षेचा असावा ते त्या ठरवतात. संत बेनेडिक्ट यांनीही निघून गेलेल्याला तीन वेळांपर्यंत परत घ्यावे असे लिहून ठेवले आहे. पण स्वतःची खोली, नियमित काम आणि रात्रीची झोप, ही तिन्ही स्थिर होईपर्यंत तो अर्ज लिहू नका. आधी पाहुणी म्हणून तीन-चार दिवस त्या मठात राहून या, परत आल्यावर वही उघडा, आणि ट्रंक भरण्याआधी त्या मुलीचा प्रश्न एकदा स्वतःला विचारून त्याचे उत्तर लिहा.